पोटमाळ्यावरची आगगाडी

लहानपणीं सुटलेल्या छंदाकडे मनुष्य मोठेपणीं परत येतो, तो बहुधा आपल्या लेकराचें बोट धरून. तरुणपणीं ज्यानें पतंगाकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं, तो गृहस्थ मुलगा सात वर्षांचा होतांच संक्रांतीच्या आधीं मांज्याची चौकशी करूं लागतो. दहावीच्या परीक्षेबरोबर ज्याची तिकिटांची वही मिटली, तो मुलीच्या वाढदिवसाला नवी वही आणतो आणि तींत पहिलें तिकीट स्वतःच चिकटवितो. ‘मुलांसाठीं आणलें’ ही सबब इतकी सोज्वळ आहे कीं, घरांतील कोणासहि तिच्यावर बोट ठेवतां येत नाहीं. आमचा जन्म शाळेंत गेल्यामुळें असे बाप आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. प्रदर्शनाच्या दिवशीं मुलाच्या नांवानें मांडलेलें धरण कोणाच्या हातचें आहे, हें ओळखावयास फार विद्वत्ता लागत नाहीं.

या महिन्यांत आम्हांस लिहावयाचें आहे तें अशा परत येणाऱ्या छंदांपैकीं सर्वांत खर्चिक, सर्वांत जागा खाणाऱ्या आणि, आमचें मत विचाराल तर, सर्वांत मोहक अशा छंदाविषयीं. हा छंद छोट्या आगगाडीचा. जत्रेंत मिळणारी, सेलवर गरगर फिरणारी प्लास्टिकची गाडी येथें अभिप्रेत नाहीं. खऱ्या इंजिनाचें व डब्यांचें माप ठराविक प्रमाणांत लहान करून केलेल्या गाड्या, त्यांचे रूळ, सांधे, सिग्नल, बोगदे, फलाट आणि भोंवतालचा मुलूख असा सगळा संसार एका फळीवर मांडावयाचा, आणि तो वेळापत्रकाबरहुकूम चालवावयाचा, असें हें काम आहे. वाचकांपैकीं कित्येकांनीं पुण्यास कोथरूड येथील जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहिलें असेल. भाऊसाहेब जोशी यांच्या हौसेंतून उभें राहिलेलें हें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें एका अख्ख्या नगराचा पसारा आहे. सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि खेळ चालू असतां हळूहळू संध्याकाळ होऊन घराघरांतून दिवे लागतात. दिवे लागले कीं प्रेक्षकांतील मुलें मोठ्यानें बोलूं लागतात आणि त्यांचे बाप गप्प होतात. आम्ही ज्यांच्याविषयीं लिहीत आहों ते हे गप्प झालेले बाप.

ठाणें, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यांत असे बाप निपजावे यांत नवल नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून सुटलेली पहिली गाडी आली ती ठाण्यासच. पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, गाडी कल्याणास पोंचली, आणि तेथून रुळांना दोन फांटे फुटले, एक कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे. आमच्या पिढींतील कल्याणच्या पोरांस घड्याळ वाचावयास पंतोजींनीं नव्हे, गाड्यांनीं शिकविलें. पुलावर उभें राहून मालगाडीचे डबे मोजणें हा आमचा सायंकाळचा पाठ असे. १९२८ च्या सुमारास घाटांतल्या मालगाड्यांसाठीं आलेलीं, दोन्ही टोकांस लांब नाकाड असलेलीं विजेचीं इंजिनें तेव्हांहि यार्डांत दिसत. रेल्वेचे लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. त्यांपैकीं एक आज मुंबईस नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारांत विसावलें आहे. ज्यांना नातवंडें आहेत त्यांनीं तें अवश्य दाखवावें. नांव खेकडा कां पडलें तें पाहणाऱ्यास सांगावें लागत नाहीं.

आतां आमच्या घरचीच हकीकत सांगतों, कारण दुसऱ्याच्या घरचें इतकें बारीक ठाऊक नसतें. आमच्या चिरंजिवांचे मामा जहाजावर नोकरीस होते. त्यांनीं १९९३ सालीं जर्मनींतून एक पेटी आणली. तींत वाफेच्या इंजिनाची प्रतिकृति, तीन उतारूंचे डबे, चार मालडबे आणि अंडाकृति रूळ होते. चिरंजीव तेव्हां दहा वर्षांचे. पुढें पांच-सहा वर्षें ती गाडी आमच्या कल्याणच्या घरांत ओटीवर अखंड धांवली. नंतर दहावी, बारावी, अभियांत्रिकी, नोकरी, विवाह ही जी एकामागून एक स्थानकें लागतात तीं लागलीं, आणि पेटी पोटमाळ्यावर गेली. आम्ही कल्याण सोडून डोंबिवलीस ब्लॉकमध्यें राहावयास आलों, तेव्हां पाटा-वरवंट्याबरोबर तीहि आली आणि नव्या पोटमाळ्यावर चढली. पोटमाळा म्हणजे वस्तु फेंकून न देतां विसरण्याची सोय. २०२३ च्या दिवाळीपूर्वीं साफसफाई करतांना आमच्या नातीनें, ती तेव्हां सहा वर्षांची होती, पेटीवरचें चित्र पाहून विचारलें, “बाबा, हें कुणाचं?” चिरंजिवांस उत्तर द्यावयास अंमळ वेळ लागला.

पेटी उघडली तेव्हां सर्व जेथल्या तेथें होतें. परंतु पंचवीस पावसाळे बंद राहिलेलें यंत्र दीर्घ उपवासानें खंगलेल्या माणसासारखें असतें. त्यास एकदम जेवूं घालतां येत नाहीं. रुळांवर काळपट थर चढला होता, त्यामुळें वीज चाकांपर्यंत पोंचेना. इंजिनांतलें वंगण वाळून लाखेसारखें झालें होतें. ओढणाऱ्या चाकांस पकड यावी म्हणून रबराच्या बारीक कड्या घातलेल्या असतात, त्या बोट लागतांच तुकडे होऊन गळाल्या. आमच्या थोरल्या वहिनींनीं खोबरेल तेलाची सूचना केली. तें थंडींत थिजतें म्हणून ती नामंजूर झाली. रूळ अल्कोहोलच्या बोळ्यानें पुसावयाचे, घासकागद लावावयाचा नाहीं, कारण ओरखड्यांत पुन्हां मळ बसतो, हें आम्हांस नव्यानें कळलें. चार रविवार असे गेले. पांचव्या रविवारीं इंजिन प्रथम कण्हलें, मग थोडें थरथरलें, आणि मग दिवाणावर मांडलेल्या रुळांवरून खरोखरच निघालें. नातीनें टाळ्या वाजविल्या. तिच्या बापाच्या चेहऱ्यावर जें होतें तें आम्हीं त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशींहि पाहिलें नव्हतें.

येथवरची कथा ज्या ज्या घरीं अशी पेटी उघडली तेथें थोड्याबहुत फरकानें हीच असावी. खरा प्रश्न यापुढें सुरू होतो.

दहा वर्षांच्या मुलास गाडी हवी असते. चाळीस वर्षांच्या मनुष्यास ‘खरी’ गाडी हवी असते. चिरंजिवांनीं ठरविलें कीं, जर्मन खेड्यांतून फिरणारी गाडी पुरे, आतां ठाणें ते कल्याण हा आपला मार्ग करावयाचा. खाडी, पारसिकचा डोंगर, बोगदा, मुंब्र्याचें वळण, सगळें. बेत उत्तम होता. परंतु गणित आड आलें, आणि तें गणित आम्हांस इतकें आवडलें कीं येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. या गाड्यांचें प्रमाण एकास सत्याऐंशी. या मापानें मनुष्य दोन सेंटिमीटरांहून किंचित् कमी उंच होतो आणि लोकलचा सुमारें २० मीटरांचा डबा २३ सेंटिमीटरांचा. म्हणजे बारा डब्यांची लोकल पावणेतीन मीटर लांब झाली. आमची बैठकीची खोली पावणेचार मीटरांची आहे. १९१६ सालीं उघडलेला पारसिकचा बोगदा सुमारें १,३०० मीटरांचा, तो १५ मीटर भरतो, म्हणजे बैठकींतून शिरून स्वयंपाकघर ओलांडून शेजाऱ्यांच्या देवघरांत निघतो. ठाणें ते कल्याण हें सुमारें वीस किलोमीटरांचें अंतर २३० मीटर होतें. आणि एवढें करूनहि रूळ चुकतोच. आपला रूळ १,६७६ मिलिमीटर रुंद. ८७ नें भागल्यास तो १९ मिलिमीटरांहून थोडा अधिक यावयास हवा. बाजारांत मिळतो तो साडेसोळा मिलिमीटरांचा, कारण तो युरोपांतील १,४३५ मिलिमीटरांच्या रुळावरून घेतलेला आहे. म्हणजे आपला खरा डबा त्यावर ठेवला तर तो तोकडे धोतर नेसल्यासारखा दिसतो. हे पावणेतीन मिलिमीटर चिरंजिवांच्या मनास लागून राहिले. रूळ स्वतः घडवावे, स्लीपर कापून त्यांवर डाग देऊन पट्ट्या बसवाव्या, असें त्यांच्या मनानें घेतलें.

हें काम करावयाचें केव्हां? ते सकाळीं सात पन्नासची गाडी धरतात आणि रात्रीं नऊला घरीं येतात. जेवण होऊन मुलगी निजली कीं दहा ते बारा हा काळ मोकळा. त्या काळांत दिवाणाजवळच्या दिव्याखालीं काम चाले. सकाळीं मुलगी उठे तों फळीवर कांहीं तरी नवें आलेलें असे. कधीं दोन वीत रूळ, कधीं फलाटाचें छप्पर. आणि शेजारीं चिठ्ठी असे: ‘ओलें आहे, हात लावूं नये.’ हात लावूं नये हें वाक्य तिनें त्या वर्षीं इतक्या वेळां वाचलें कीं तिचें जोडाक्षरांवांचूनचें वाचन पक्कें झालें. रेल्वे तिच्यासाठीं होती, तिच्या नांवानें होती, आणि तीच तिच्यापासून दूर ठेवलेली होती. सूनबाई सहसा बोलत नाहींत. एके दिवशीं त्या आमच्या सौभाग्यवतींस म्हणाल्या, “आई, पूर्वीं हे उशिरा येत असत, आतां येऊनहि आलेले नसतात.”

ही तक्रार पतीच्या छंदाविरुद्ध पत्नीची नेहमींची कुरकुर समजून वाचकांनीं पुढें जाऊं नये. दिवसाचे तीन तास गाडींत लोंबकळणाऱ्या बापाजवळ मुलीसाठीं उरतात ते दोन तास. ते कशांत जातात हा डोंबिवलींत चैनीचा प्रश्न नाहीं. ठाण्यास आमच्या परिचयाचे एक सद्गृहस्थ आहेत. त्यांनीं एक सबंध खोली रेल्वेस दिली आहे. त्यांच्याकडील यंत्रणा नव्या पद्धतीची, म्हणजे रुळांतूनच वीज व हुकूम दोन्ही जातात आणि प्रत्येक इंजिन आपापला हुकूम ओळखतें. पाहण्यासारखें काम आहे, यांत शंका नाहीं. त्यांचा मुलगा आम्हांस दारापर्यंत पोंचवावयास आला आणि दारांतूनच परतला. आंत जावयास त्यास परवानगी वडील घरीं असतांनाच आहे, आणि वडील घरीं असतात तेव्हां तो शिकवणीला असतो.

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला येथें मृच्छकटिक आठवल्यावांचून कसें राहील? त्या प्रकरणाच्या सहाव्या अंकांत चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडत असतो. शेजारच्या श्रीमंताच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशीं तो खेळून आलेला आहे. दासीनें करून दिलेली मातीची गाडी त्यास नको. वसंतसेनेस कळवळा येऊन ती आपले दागिने त्या मातीच्या गाडींत भरते आणि म्हणते, घे, कर सोन्याची. पुढें न्यायसभेंत तेच दागिने चारुदत्ताच्या मित्राच्या अंगावरून खालीं पडतात आणि निरपराध चारुदत्तावर मरणाचा प्रसंग आणतात. वर्गांत हा भाग शिकवितांना आम्ही मुलांस वसंतसेनेचें औदार्य समजावून देत असूं, आणि तें यथार्थच आहे. परंतु घरांत ही रेल्वे आल्यापासून आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. रोहसेन रडतो त्या वेळीं बाप घरीं नाहीं. दासी आहे, परकी वसंतसेना आहे. गाडी मातीची कीं सोन्याची याचा निवाडा त्या दोघी करीत आहेत. चारुदत्त घरीं असता आणि मातीच्या गाडीला त्यानें एक धक्का मारला असता, तर रोहसेन इतका रडता ना, असें आम्हांस वाटतें. शूद्रकाचें नाटक मात्र तेथेंच आटोपलें असतें.

सोन्याच्या गाडीचा मोह आजच्या बापांस कमी नाहीं. परदेशी इंजिनाची किंमत ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं दोनदां विचारलें कीं हे पैसे कीं रुपये. आम्ही खर्चाविरुद्ध नाहीं. दागिना कपाटांत राहतो. इंजिन निदान चालतें. परंतु ज्या वस्तूला मुलानें हात लावला कीं बापाच्या काळजांत धस्स होतें, ती वस्तु बापानें आपल्या नांवावर घ्यावी आणि ‘ही माझी आहे’ असें सरळ सांगावें. मुलें या प्रामाणिकपणाचा मान राखतात. तुझी आहे पण शिवूं नकोस, हें मात्र त्यांस कळत नाहीं, आणि कळूंहि नये.

आमच्या घरांतील पेंच सुटूं लागला तो २०२४ च्या दिवाळींत. वाचकहो, छोट्या मुलुखाचा देखावा उभारणें ही विद्या आपण युरोपांतून आणलेली नाहीं. आपल्याकडे दर दिवाळीस अंगणांत, जिन्याखालीं, गच्चीच्या कोपऱ्यांत किल्ला होतो. दगड-विटांवर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, वर अळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत हिरवें रान, बुरूज, तळें, बाजारपेठ, आणि कुंभाराकडून आणलेले मातीचे मावळे. आमच्या नातीनेंहि केला. भाऊबीज झाली, किल्ला मोडावयाचा होता. तेव्हां तिनें मावळे उचलले आणि चिठ्ठीला न जुमानतां ते नेऊन पारसिकच्या बोगद्याच्या तोंडाशीं उभे केले, दोन पहाऱ्यास आणि एक डोंगरावर.

रात्रीं चिरंजिवांनीं तें पाहिलें. सकाळीं त्यांनीं मुलीला जवळ घेऊन प्रमाण समजावून दिलें. मावळा पांच सेंटिमीटरांचा आहे, त्याला ८७ नें गुणलें तर तो सव्वाचार मीटरांहून उंच होतो, म्हणजे चौदा फुटांचा माणूस. असा माणूस कधीं असतो का? नातीनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “मावळा मोठा नाहीं बाबा, तुझा बोगदा लहान आहे.”

या उत्तरावर आम्ही, आमच्या सौभाग्यवती आणि वहिनी इतकें हंसलों कीं चिरंजिवांसहि हंसावें लागलें. मावळे राहिले. किल्ल्याचा न्याय असा आहे कीं, जो महत्त्वाचा तो मोठा. महाराज बुरुजाहून उंच असतात आणि आजवर एकाहि मुलानें त्यांत दोष काढलेला नाहीं. आपल्या जुन्या चित्रांतहि राजा मोठा आणि चवरी ढाळणारे लहान. प्रमाणाचें शास्त्र आम्हांस पूज्य आहे, पण फळीवर दोन शास्त्रें नांदूं शकतात हें त्या दिवशीं ठरलें.

तरीहि रात्रीचें काम सुटलें नव्हतें. तें सुटलें त्याला कारण वेगळें घडलें. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर विरुद्ध दिशांनीं जाणाऱ्या दोन लोकल गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले, आणि त्यांतील कांहीं प्राणांस मुकले. हें वृत्त वाचकांस ठाऊकच आहे. त्यानंतर लोकल गाड्यांस आपोआप मिटणारीं दारें बसविण्याचें रेल्वेनें जाहीर केलें. आमच्या टापूंत त्या सकाळीं असें घर नसेल जेथें फोन हातांत घेऊन कोणी उभें नव्हतें. चिरंजीव त्या वेळेआधींच कचेरींत पोंचले होते. परंतु तें आम्हांस कळावयास पाऊण तास गेला. शाळेला सुटी असल्यामुळें नात घरींच होती. दूरचित्रवाणीवर वळणाचें चित्र आलें तेव्हां ती म्हणाली, “हें आपलं वळण आहे.” तिनें तें नकाशांत पाहिलें नव्हतें, फळीवर पाहिलें होतें.

दिवसभरांत तिनें काय केलें तें आमच्या लक्षांत आलें नाहीं. संध्याकाळीं फळीवर मुंब्र्याच्या वळणापाशीं एक आगकाडी मातीच्या गोळ्यांत रोवलेली होती आणि तिला वहीच्या कागदाचा चौकोन चिकटवून त्यावर लिहिलें होतें: ‘हळू’. अक्षर फळीवरच्या घरांहून मोठें. त्या रात्रीं चिरंजीव साडेनऊला आले. जेवणाआधींच फळीपाशीं गेले, बराच वेळ उभे राहिले, पाटी काढली नाहीं. मुलगी जागीच होती. त्या दिवशीं प्रथमच रात्रीं गाडी चालली. बाप नियंत्रकाची कळ धरून बसला, मुलगी वळणाशीं बसली, आणि ती ‘आतां’ म्हणे तेव्हां गाडी मंद होई. ती पाटी अजून तेथें आहे. खऱ्या गाडींत, खऱ्या दारांत, उद्यां सकाळीं काय होईल तें तिच्या हातीं नाहीं, आणि फारसें तिच्या बापाच्याहि नाहीं. ते आतां आठ वीसची गाडी धरतात, आणि आंत शिरतां आलें नाहीं तर ती सोडतात.

तेव्हांपासून काम रविवारीं दुपारीं, दोघांनीं मिळून होतें. हातानें रूळ घडविण्याचा बेत बारगळला; पावणेतीन मिलिमीटर तसेच राहिले. नातीस स्टेशनमास्तर नेमलें असून वेळापत्रक ती करते. तिच्या वेळापत्रकांत गाडी दिव्याला जेवणासाठीं थांबते. वहिनींनीं प्रथम नाक मुरडलें, मुलीच्या जातीला रेल्वे कशाला म्हणून. त्यांना आम्हीं सुरेखा यादव यांचें नांव सांगितलें. साताऱ्याकडच्या या बाईंनीं ८ मार्च २०११ रोजीं दख्खनची राणी चालविली, पुढें वंदे भारत चालविली, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत त्या निवृत्त झाल्या. वहिनींना दख्खनच्या राणीविषयीं माहेरासारखा जिव्हाळा असल्यामुळें हा मुद्दा एकदम लागू पडला. आतां डब्यांवरची धूळ झटकण्याचें काम त्यांनीं आपल्याकडे घेतलें आहे.

शिकविण्यासारखें या फळीवर इतकें आहे कीं आमची मास्तरकी पुन्हां सुरू झाली. एक प्रयोग वाचकांनीं घरीं जरूर करावा. रेल्वेचीं दोन्ही चाकें एकाच दांड्याशीं घट्ट जोडलेलीं असतात, मग वळणावर बाहेरचें चाक जास्त वाट कशी चालतें? चहाचे दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवावे आणि दोन समांतर काठ्यांच्या उतारावरून सोडावे. ते वेडेवाकडे होत पुन्हां पुन्हां मध्यावर येतात. बुडाला बूड लावून चिकटविले तर लगेच काठीवरून उतरतात. चाकाची कड पहिल्या जोडीसारखी, आंतल्या बाजूस जाड व बाहेर निमुळती, असते. वळणावर जोडी बाहेर सरकली कीं बाहेरचें चाक आपल्या जाड भागावर चालतें आणि एका फेऱ्यांत जास्त अंतर तोडतें. आम्हीं हें नातीस दाखविलें, आणि आठवड्याभरांत इमारतींतील आठ पोरें पेले मागावयास आलीं.

विजेचेंहि तसेंच. मुंबईंत ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं विजेची पहिली गाडी धांवली ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, आणि कल्याणच्या मुख्य मार्गावर त्या प्रवाहाचें राज्य २०१५ पर्यंत चाललें. आतां तेथें २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. फळीवरची गाडी १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते. म्हणजे चिरंजीव कॉलेजांत जात ती लोकल आणि ही पेटींतली गाडी एकाच कुळांतल्या, हें ऐकून त्यांना फार बरें वाटलें.

ज्या घरीं अशी पेटी पोटमाळ्यावर असेल त्यांना व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतों. ब्लॉकमध्यें राहणाऱ्यांनीं फळी चार फूट बाय तीन फुटांहून मोठी करूं नये आणि ती उभी करून दिवाणामागें सरकवितां आली पाहिजे, नाहीं तर पहिल्या मंगळागौरीलाच तंटा होतो. जागा त्याहून कमी असेल तर नऊ मिलिमीटर रुळाच्या लहान गाड्या मिळतात, मात्र त्या आठ वर्षांखालच्या बोटांना झेपत नाहींत. डोंगरासाठीं विकत कांहीं आणूं नये. मखरांच्या थर्माकोलला महाराष्ट्रांत २०१८ सालीं बंदी झालीच आहे. पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर खळींत भिजविलेले वर्तमानपत्राचे तुकडे चांगले बसतात. उन्हांत वाळविलेला चहाचा चोथा हुबेहूब मातीसारखा दिसतो. आमच्या घरीं त्यासाठीं चहा वाढला, हा आरोप खोटा आहे.

यंदा किल्ला कोठें करावयाचा याची चर्चा घरांत सुरू झाली आहे. नातीचें म्हणणें, वेगळा कशाला, पारसिकच्या डोंगरावरच करूं. तटबंदी वर आणि गाडी खालून. चिरंजिवांनीं ओलाव्यानें रूळ गंजतील अशी शंका काढली, तेव्हां तिनें बोगद्यांत प्लास्टिकचा कागद घालण्याची तोड सुचविली. अळीव आणून ठेवले आहेत. माती आणावयास दोघें रविवारीं खाडीकडे जाणार आहेत, आणि पोतें वहावयास आम्हांसहि बोलाविलें आहे.